कोळ्याला कान नाहीत, मग माशी लागलेली कळते कशी? (जाळं, केस, पायांतले कान आणि आठ डोळे)

सह्यकोळी

ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत कुंपणावर, घाणेरीच्या झुडपात, गवताच्या कडेला सिग्नेचर कोळ्याची जाळी हमखास सापडतात. मधोमध जाड पांढऱ्या रेशमाची नागमोडी नक्षी आणि तिच्यावर पाय जोडीजोडीने ताणून, डोकं खाली करून बसलेली मादी. डोळे आठ, पण नजर अधू. तरी माशी जाळ्याला चिकटली की ती नेमकी त्याच दिशेला धावते, आणि वाळकं पान पडलं तर धावत नाही. पान आणि माशी यांतला हा फरक तिला पायांतून कळतो. तो घरच्या घरी तपासता येतो, म्हणून हा चर्चेचा धागा.

प्रयोग जुना आहे. चार्ल्स व्हर्नन बॉइज या इंग्रज भौतिकशास्त्रज्ञाने १८८० साली बागेतल्या कोळ्याच्या जाळ्याला नादकाटा (ट्युनिंग फोर्क) टेकवला आणि कोळी धावत येऊन काट्यालाच मिठी मारून बसला. आपल्याकडे शाळेच्या प्रयोगशाळेत २५६ ते ५१२ हर्ट्झचा आठ काट्यांचा संच असतो, त्यातला २५६ चा घ्या. डॉक्टरी सामानाच्या दुकानात १२८ चा मिळतो, तोही चालतो. घरमाशी सेकंदाला साधारण दोनशे वेळा पंख मारते, म्हणजे दोन्ही काटे भक्ष्याच्या टापूतले आहेत.

आधी काटा न वाजवता जाळ्याला टेकवायचा. ही पायरी गाळली तर पुढच्या प्रयोगाला काही अर्थ उरत नाही, कारण कोळी नुसत्या धक्क्याने आला की सुराने हे सांगता येत नाही. मुक्या काट्याला मादी बहुधा पुढच्या पायांनी एकदोनदा धागे ओढून बघते आणि गप्प बसते. पाच मिनिटं थांबा. मग काटा चपलेच्या रबरी टाचेवर हलका मारा. लाकडी टेबलावर मारला तर मूळ सुराबरोबर वरचे कर्कश सूरही उठतात. आता एका भुजेचं टोक कडेकडच्या आऱ्याला, म्हणजे मध्यातून बाहेर जाणाऱ्या सरळ धाग्याला, जेमतेम टेकवा. गोल फिरणाऱ्या चिकट धाग्याला लावू नका. तो रबरासारखा ताणला जातो, त्यावरचे चिकट थेंब त्याला जड करतात आणि कंप तिथेच विरतो. आरे ताठ आणि कोरडे असतात, निरोप त्यांच्यावरून जातो.

फसण्याची कारणं सांगून ठेवतो. वारा असेल तर जाळं आधीच हलत असतं, म्हणून सकाळी सात ते नऊची निवांत वेळ बरी. तुमचा श्वास जाळ्यावर गेला तर ती सावध होते, तोंड बाजूला ठेवा. पोट टम्म भरलेली किंवा कात टाकायच्या बेतातली मादी येतच नाही. आणि एकाच जाळ्यावर ओळीने तीनचारदा केलंत की ती दुर्लक्ष करायला शिकते. मग दुसरं जाळं शोधा, हिला दुसऱ्या दिवशीपर्यंत सोडून द्या.

कवडसा

काटा कशाला हवा? मोबाइलवर २५६ हर्ट्झचा सूर लावून जाळ्याजवळ धरला तर?

सह्यकोळी

दोन अडचणी. पहिली, मोबाइलचा स्पीकर इतका छोटा असतो की तीनचारशे हर्ट्झच्या खाली त्याचा आवाज फारच पडतो. अ‍ॅप २५६ दाखवत असतं, बाहेर मात्र त्याचे वरचे सूरच जास्त येतात.

दुसरी अडचण जास्त महत्त्वाची. हवेतून आलेला सूर आणि धाग्यातून आलेला सूर यांचे अर्थ कोळ्याच्या लेखी वेगळे आहेत. धाग्यातून आला तर भक्ष्य. हवेतून आला तर बहुधा शत्रू, कारण हवेत गुणगुणत जवळ येणारी वस्तू म्हणजे कोळ्यांची शिकार करणारी गांधीलमाशी असू शकते. वाजता काटा जाळ्याला न लावता नुसता जवळ नेला तर मादी पुढचे पाय वर उचलते, अंग चोरते, नाहीतर धागा सोडत सरळ खाली उतरते. बॉइजनेही हे पाहिलं होतं. तेव्हा मोबाइलने काही घडलंच तर ते हे घडेल. ‘आली नाही’ म्हणजे ‘ऐकलं नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका, पुढच्या पायांकडे बघा.

तिसरा_प्रहर

इथे थोडी शरीररचना घालतो, कारण ‘पायाने ऐकतो’ हे वाक्य सगळीकडे असतं आणि पायातलं नेमकं काय ऐकतं ते कुणी सांगत नाही.

कोळ्याच्या अंगावर कंपनं टिपणारी दोन निरनिराळी साधनं आहेत.

एक, भेगा. कवच कडक असतं. कडक पत्र्याला बारीक चीर पाडली आणि पत्रा किंचित वाकवला, की सगळा ताण चिरेपाशी गोळा होतो आणि चीर मिटते किंवा उघडते. कोळ्याच्या कवचात अशा मुद्दाम ठेवलेल्या सूक्ष्म भेगा असतात, प्रत्येक भेगेवर पातळ पापुद्रा आणि त्याला चेतापेशी जोडलेली. मध्य अमेरिकेतल्या क्युपिएनियस सॅलाय या भटक्या कोळ्यावर व्हिएन्नाच्या फ्रीडरिश बार्थ यांनी कित्येक दशकं काम केलं. त्याच्या अंगावर अशा तीन हजारांहून जास्त भेगा आहेत. सगळ्यांत तल्लख जागा पायाच्या शेवटच्या दोन कांड्यांच्या सांध्याशी आहे: तिथे २१ भेगा सतारीच्या तारांसारख्या शेजारी शेजारी. जमीन, पान किंवा धागा हलला की शेवटचं कांडं वर ढकललं जातं आणि या भेगा दाबल्या जातात. सांध्यात एक मऊ उशीही असते. ती हळू हेलकावे, म्हणजे वाऱ्याने डुलणारं पान, बरेचसे गिळून टाकते आणि जलद थरथर पुढे जाऊ देते. वाऱ्यातही कोळ्याला माशी कळते, त्यात या उशीचा वाटा मोठा.

दोन, केस. पायांवर साधे केस असतातच, ते प्रत्यक्ष स्पर्शाचे. पण त्यांच्यामध्ये काही केस फार वेगळे असतात: बारीक, जवळजवळ उभे, आणि मुळाशी कपासारख्या खळग्यात इतके सैल बसवलेले की हवेच्या मंद झुळकीनेही वाकतात. यांना ट्रायकोबोथ्रिया म्हणतात. क्युपिएनियसच्या दर पायावर ते शंभराच्या आसपास असतात. लांबी वेगवेगळी, म्हणून प्रत्येक केस वेगळ्या कंपनसंख्येला जास्त डुलतो. असा केस हलवायला लागणारी ऊर्जा हिरव्या प्रकाशाच्या एका कणाच्या ऊर्जेहूनही कमी भरते. यांच्या जोरावर तो कोळी वीतभर अंतरावरून उडणारी माशी न बघता टिपतो.

भेगा ‘पायाखाली काय हलतंय’ सांगतात, केस ‘अंगाभोवतीची हवा कशी हलतेय’ सांगतात. आपण पहिल्याला स्पर्श म्हणू आणि दुसऱ्याला श्रवण. कोळ्याच्या बाबतीत ही वाटणी फार ताणू नये, दोन्हीकडे शेवटी काहीतरी वाकतं आणि चेतापेशीला खबर जाते.

किर्रर्र

छान लिहिलंत. एक भर घालतो. कानाचा पडदा नसलेल्याला दूरचा आवाज ऐकू येत नाही, फक्त जवळची हवा जाणवते, असं बरीच वर्षं मानलं जाई. आवाजाच्या उगमाजवळ हवेचे कण जास्त हलतात आणि ही हालचाल अंतराबरोबर झपाट्याने घटते, त्यामुळे समज चुकीचा वाटत नव्हता. पण २०१६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात उडी मारणाऱ्या फिडिपस ऑडॅक्स कोळ्यांच्या मेंदूतले विद्युतसंकेत नोंदले गेले, तेव्हा तीन मीटरहून लांबच्या आवाजालाही ते प्रतिसाद देताना आढळले. ८० हर्ट्झच्या आसपास ते सर्वांत तल्लख होते. तो सूर लागला की कोळी जागीच थिजत.

मग २०२२ मध्ये लॅरिनिऑइडिस या गोल जाळं विणणाऱ्या कोळ्याबद्दल दाखवलं गेलं की त्याचं जाळंच कानाच्या पडद्याचं काम करतं. धागा इतका हलका की हवेच्या कणांबरोबर तोही हलतो, आणि कोळी ती हालचाल पायांनी वाचतो. स्वतःच्या अंगाच्या हजारो पट क्षेत्रफळाचा पडदा! तेव्हा सिग्नेचर मादीने मोबाइलच्या आवाजाला पाय उचलले तर ते केसांमुळे की जाळ्यामुळे, हे घरच्या प्रयोगातून वेगळं काढता येणार नाही.

कवडसा

पान पडलं की येत नाही, हे अजून स्पष्ट झालं नाही. पान पडतानाही धक्का बसतोच ना?

तिसरा_प्रहर

बसतो, पण एकदाच. माशी धडपडत राहते: अंगाची ओढाताण मंद लयीत आणि मध्येच पंखांची जलद थरथर. पहिल्या धक्क्याला मादी मध्यावरच पायांची जुळवाजुळव करते. आठ पाय वेगवेगळ्या आऱ्यांवर असतात. ज्या आऱ्यातून हादरा जोरात येतो ती दिशा. पुढे काहीच आलं नाही तर ती स्वतः एकेक आरा पायाने ओढून सोडते, सतारीची तार छेडावी तसा. जिथे काही लटकलंय तो आरा मोकळ्या आऱ्यापेक्षा वेगळा हिंदकळतो. ओझं आहे पण धडपड नाही, असं आढळलं की ती बऱ्याचदा सावकाश जाऊन पान तोडून खाली टाकते.

यावरून गवताच्या काडीने कोळी ‘बोलावण्याचा’ प्रयत्न का फसतो तेही कळेल. काडीने आपण सेकंदाला चारपाच हेलकावे देतो, ते तिच्या लेखी वारा. काडीचं दुसरं टोक वाजत्या काट्याला टेकवून धरलंत तर लगेच येते.

माळरान

सोलापूर, नगरकडे बोरी-बाभळींवर कळपाने राहणाऱ्या कोळ्यांची, स्टेगोडायफसची, मळकट जाळी असतात. तिथेही काट्याचा प्रयोग चालतो का?

सह्यकोळी

चालतो, पण जाळं चादरीसारखं आहे, आऱ्यांचं नाही. त्यामुळे कंप नीट दिशा घेऊन जात नाही आणि कोळी टप्प्याटप्प्याने येतात: थोडं धावतात, थांबतात, पुन्हा धावतात. धावताना स्वतःच्याच पावलांनी चादर हलते, थांबल्यावर भक्ष्याचा हादरा पुन्हा वेगळा काढता येतो. दुपारी सगळे घरट्यात असतात, संध्याकाळी सूर्य कलल्यावर करा. १२८ चा काटा घ्या आणि घरट्यापासून हातभर लांब, चादरीच्या कडेला लावा. घरट्यालाच लावू नका, तिथे अंडी असतात.

रानवाट

घरात भिंतीवरचा हाताच्या पंजाएवढा चपटा कोळी काचेच्या पेल्याने पकडायला गेलं की दरवेळी निसटतो. ते या केसांमुळेच का?

तिसरा_प्रहर

हो, मोठा भाग त्यांचाच. पेला झटकन पुढे नेला की त्याच्या तोंडापुढची हवा दाबली जाऊन आधी पोचते. केस वाकतात आणि पेला टेकायच्या आत कोळी निघालेला असतो. शिवाय पेल्याचं तोंड अरुंद. वीतभर तोंडाचा पारदर्शक प्लास्टिकचा डबा घ्या. दोन-तीन इंचांपर्यंत अगदी सावकाश, एकाच गतीने न्या. थांबू नका, गती वाढवू नका, कारण केसांना हवेच्या वेगापेक्षा वेगातला बदल जास्त टोचतो. शेवटचे दोन इंच मात्र सरळ टेकवा. मग भिंत आणि डबा यांच्यामधून जाड पुठ्ठा सरकवा, पायांना सावरायला वेळ देत. कोळी चावरा नाही, पण बोटात धरला तर चावतो.

झुरळाचंही तेच. पोटाच्या टोकाला दोन शेपट्या असतात, प्रत्येकीच्या खालच्या अंगाला दोनशेच्या आसपास वारा टिपणारे केस. तिथून जाड चेतातंतू थेट छातीतल्या पायांच्या केंद्रांकडे जातात. झुळूक लागल्यापासून वळून पळायला झुरळाला सेकंदाचा साधारण विसावा भाग पुरतो. चप्पल सपाट असते, हवा पुढे ढकलते, म्हणून चुकते. जाळीदार फटकणीतून हवा आरपार जाते, तिचा नेम जास्त लागतो.

किर्रर्र

आता खऱ्या कानांकडे वळूया, कारण कीटकांत पडद्याचे कान आहेत आणि ते भलत्याच जागी आहेत. रातकिड्याचे पुढच्या पायांच्या नडगीवर. नाकतोड्याचे पोटाच्या पहिल्या वळीच्या दोन बाजूंना. सिकाडाचे, म्हणजे झाडावर कर्कश किरकिरणाऱ्या किड्याचे, पोटाच्या तळाशी. खंडोबाच्या किड्याला, म्हणजे प्रार्थनाकीटकाला, छातीखाली मधोमध एकच. पतंगांत कुणाचे छातीवर, कुणाचे पोटावर. कीटकांच्या इतिहासात कान वीसेक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झाला असं मानतात. जिथे कवच पातळ होतं, मागे हवेची नळी होती आणि जवळ ताण मोजणारी पेशी आधीच होती, तिथे तिथे तो झाला.

रातकिड्याचा कान विशेष आहे. पडद्यावर आवाज बाहेरून पडतो आणि छातीच्या छिद्रातून शिरून पायातल्या हवेच्या नळीतून आतूनही येतो. दोन्ही बाजूंचा फरक मोजला की दिशा मिळते. एवढ्याशा अंगाला हा मार्ग हवाच, कारण त्याच्या ५ किलोहर्ट्झच्या सुराची लहर जवळजवळ ७ सेंटिमीटर लांब असते आणि दोन कानांतलं अंतर त्यापुढे काहीच नाही. ऑर्मिया नावाच्या अमेरिकन माशीने याहून अवघड काम साधलंय. ती रातकिड्याचा आवाज ऐकून त्याच्यावर अळ्या सोडते. तिच्या दोन कानांत अर्धा मिलिमीटर अंतर, आवाज पोचण्यातला फरक सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या दीडपट. तिचे दोन्ही पडदे तराजूच्या दांडीसारखे जोडलेले आहेत, त्यामुळे एक दाबला की दुसरा उलट हलतो आणि फरक वाढून मिळतो.

रानवाट

रातकिडा शोधायला गेलं की गप्प बसतो आणि कुठून आवाज येतोय तेही कळत नाही. काही उपाय?

किर्रर्र

गप्प बसतो तो पावलांमुळे. गुडघ्याखाली त्याला जमिनीचं कंपन टिपणारा वेगळा अवयव असतो. झुरळात हाच अवयव एका नॅनोमीटरहून कमी हालचाल ओळखतो. आवाज चालू असेल तेव्हाच पुढे सरका, तो थांबला की तुम्हीही थांबा. टाच टेकवू नका, पाऊल सपाट ठेवा. दगड-काँक्रीटपेक्षा ओली माती बरी.

दिशा कळत नाही कारण सूर एकसंध आणि शुद्ध असतो. माणसाला दिशा ओळखायला आवाजात खरखर, सुरुवात-शेवट हवा असतो. दोघांनी पाच-सहा पावलं अंतरावर उभं राहून, डोळे मिटून, डोकं हळू फिरवत जिथे आवाज नाकासमोर वाटेल तिकडे हात करायचा. दोन्ही रेषा मिळतात तिथे शोधा. कानामागे तळहाताचा द्रोण केला तर फरक आणखी स्पष्ट होतो.

ध्वनिमुद्रणाला मोबाइल चालतो, पण वॅव्ह स्वरूपात साठवा. दाबलेल्या फायलीत वरचे सूर कापले जातात. ४८ किलोहर्ट्झच्या नोंदीत २४ पर्यंतचेच सूर येतात. रातकिडे बहुतेक ३ ते ८ मध्ये असतात, त्यांना पुरतं. हिरव्या लांब मिशांच्या कितीतरी नाकतोड्यांचं गाणं मात्र त्याच्या वर जातं, त्यांना वटवाघळांसाठीचा माइक लागतो.

तापमानाचं सूत्रही इथेच सांगतो, कारण ते चुकीचं फिरतं. अमोस डोल्बेअरने १८९७ साली दिलेलं सूत्र असं: मिनिटातल्या किरकिरींतून ४० वजा करा, चारने भागा, ५० मिळवा, फॅरनहाइट मिळेल. ते अमेरिकेतल्या झाडावरच्या रातकिड्याला लागतं, कारण तो तुटक किरकिरतो. आपल्याकडच्या ज्या जाती सलग रुणझुणतात त्यांना मोजायला किरकिरच नसते. तुटक गाणारी जात मिळाली तरी स्वतःचा तक्ता करावा लागतो: दहा-बारा रात्री, किड्याच्याच उंचीवर लावलेला तापमापक आणि तीन वेळा मोजून सरासरी.

दक्षिण भारतातल्या ईकॅन्थस हेन्री या झाडरातकिड्याचं वर्तन तर अप्रतिम आहे. नर पानाच्या मधल्या शिरेजवळ भोक कुरतडतो, त्यात डोकं-खांदे घालतो आणि पंख पानाला समतल धरून गातो. एरवी पंखाच्या पुढची आणि मागची हवेची हालचाल एकमेकींना खोडते. मध्ये पान आलं की खोडत नाही, आवाज वाढतो. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या रोहिणी बालकृष्णन यांच्या गटाने २०२० मध्ये दाखवलं की लहान अंगाचे आणि हळू आवाजाचे नर हे जास्त करतात. मोठं पान निवडतात.

माळरान

डासांना पळवणारं ‘अल्ट्रासॉनिक’ यंत्र किंवा अ‍ॅप खरंच चालतं का?

तिसरा_प्रहर

नाही. २००७ च्या कॉक्रन आढाव्यात (वैद्यकीय चाचण्या एकत्र तपासणारा आढावा) प्रत्यक्ष ठिकाणी केलेल्या दहा चाचण्या तपासल्या, एकीतही चावे कमी झाले नाहीत. कारण डासाच्या कानातच आहे. त्याचा कान मिशीच्या बुडाशी असतो, जॉन्स्टनचा अवयव. नराची मिशी पिसासारखी, आणि बुडाशी सोळा हजारांच्या आसपास संवेदी पेशी. १८७४ मध्ये आल्फ्रेड मायरने सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या मिशीजवळ ५१२ हर्ट्झचा काटा वाजवला, तेव्हा मिशीचे केस थरथरले. मादीच्या पंखांचा सूर त्याच टापूत येतो. हा सगळा कारभार शेकड्यांच्या हर्ट्झमधला आहे, २० हजारांच्या वरचा आवाज त्या मिशीला हलवतच नाही. मोबाइलचा स्पीकर तर २० किलोहर्ट्झच्या वर धड आवाज काढूही शकत नाही.

अल्ट्रासॉनिक ऐकणारे आहेत ते पतंग, कारण वटवाघूळ तसाच आवाज करतं. पोळ्यातली मेण खाणारी अळी ज्याची असते तो मेणपतंग ३०० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो, हे २०१३ मध्ये ग्लासगोत मोजलं गेलं. रस्त्यावरच्या दिव्याखाली तपासायचं तर दहा-बारा छोट्या किल्ल्यांचा जुडगा घ्या. धातूवर धातू आपटला की आपल्याला खणखणाट ऐकू येतो, त्यातच वरचे सूरही असतात. पतंग दोन-तीन मीटरवर असताना एकदाच जोरात वाजवा. काही पतंग पंख मिटून दगडासारखे खाली येतील, काही गिरक्या घेतील. आधी किल्ल्या मुठीत आवळून हाताची तीच हालचाल करून बघा, म्हणजे हात बघून पळाला का ते कळेल. ॲटलास पतंगासारख्या रेशीमपतंगांना कानच नसतात, त्यांच्यावर फरक पडणार नाही.

निशाचर

डोळ्यांवर कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

मधमाशीच्या एका संयुक्त डोळ्यात पाच हजारांवर नेत्रिका, म्हणजे एकेक छोटे डोळे, असतात. आकडा मोठा वाटतो, चित्र मात्र भरड असतं. तिला वेगळे दिसणारे दोन ठिपके साधारण एक अंश लांब हवेत, म्हणजे हात लांब करून धरलेल्या करंगळीच्या रुंदीएवढे. त्याच्या आतलं सगळं एकत्र मिसळतं. पण वेग विलक्षण: सेकंदाला दोनशे वेळा लुकलुकणारा दिवा तिला लुकलुकतानाच दिसतो. रंग अतिनील, निळा, हिरवा. लाल तिला काळपट.

उडी कोळ्याचं उलट. घरात सगळीकडे दिसणारा हॅसॅरियस अ‍ॅडॅन्सनाय घ्या. समोरचे दोन मोठे डोळे दुर्बिणीच्या नळ्यांसारखे लांब, दिसण्याची पट्टी अरुंद. भिंग कवचातच रुतलेलं असल्याने हलत नाही, आतला पडदाच (दृष्टिपटल) सहा स्नायूंनी हलतो. कोवळ्या, पारदर्शक पिल्लाकडे समोरून भिंगाने बघा, डोळ्यांत काळसर सावली इकडून तिकडे सरकताना दिसते. तो पडदा. उरलेले सहा डोळे हालचाल टिपतात आणि ‘तिकडे वळ’ सांगतात.

या पडद्यात चार थर आहेत. हिरवा प्रकाश खालच्या दोन थरांना लागतो, पण त्यांतल्या एकावरच चित्र स्पष्ट पडतं, दुसऱ्यावर पुसट. पुसटपणा किती, यावरून कोळी अंतर काढतो. २०१२ मध्ये जपानी संशोधकांनी याच जातीला फक्त लाल उजेडात उडी मारायला लावली, तेव्हा तिच्या उड्या आखूड पडल्या. हिरव्यात बरोबर पडल्या.

रात्रीची नजर बघायची तर भीमाशंकर. तिथे झायलोकोपा ट्रँक्वेबारिका हा मोठा भुंगा अमावास्येच्या रात्रीही फुलांवर जातो. हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि त्यांच्या स्वीडिश सहकाऱ्यांनी २००८ मध्ये दाखवलं की तो निव्वळ चांदण्यांच्या उजेडात रंग ओळखतो. मोठ्या नेत्रिका, जाड प्रकाशग्राही दांडे, डोक्यावरचे तीन साधे डोळेही मोठे. तरी एवढ्याने हिशेब पुरत नाही, शेजारच्या नेत्रिकांचा आणि सलग क्षणांचा उजेड मेंदूत एकत्र केला जात असावा.

कवडसा

पावसाळा संपताना चतुर गाडीच्या काळ्या टपावर शेपटी आपटत बसतात, ते?

निशाचर

अंडी घालायचा प्रयत्न. पाण्यावरून परावर्तित प्रकाश आडव्या पातळीत ध्रुवित होतो, म्हणजे त्याच्या लहरी मुख्यतः त्याच एका पातळीत थरथरतात, आणि चतुर पाणी यावरूनच ओळखतात. काळा चकचकीत पत्रा तसाच प्रकाश देतो, कधी पाण्याहून जास्त शुद्ध. ध्रुवित गॉगल घालून डोकं डावीकडे-उजवीकडे कलवा, टपाची चमक कमीजास्त होताना दिसेल. पांढऱ्या गाडीवर ती फार कमी असते. पाण्याशेजारी गाडी लावावीच लागली तर काळ्या टपावर खादीचं जाडंभरडं कापड टाका.

रानवाट

रात्री निरीक्षणाला कुठला टॉर्च? लाल जिलेटिन पेपर लावला तर पुरेल?

निशाचर

काम कुठलं त्यावर. जमिनीवरचे लांडगा कोळी शोधायचे तर पांढरा टॉर्चच हवा, आणि तो डोळ्यांच्या रेषेत, कानशिलाशी धरून. त्यांच्या काही डोळ्यांमागे आरशासारखा थर असतो, प्रकाश आला त्याच वाटेने परततो. टॉर्च कमरेशी धरलात तर एकही ठिणगी दिसणार नाही. गवतात हिरवट पांढरे ठिपके दिसले आणि दव असेल तर एक पाऊल बाजूला व्हा: दवाची चमक बदलते, कोळ्याची टिकते.

वागणूक बघायची तर लाल. जिलेटिनचा एक थर पुरत नाही, पांढऱ्या एलईडीत ४५० नॅनोमीटरच्या आसपास निळ्याचा मोठा झोत असतो आणि त्यातला काही पाझरतो. तीन थर लावा, किंवा सरळ ६२५ नॅनोमीटरचा लाल एलईडी घ्या. तपासायला जुनी सीडी: टॉर्च तिच्यावर तिरका पाडा, हिरवा-निळा पट्टा उठला तर आणखी एक थर. फक्त लाल पट्टा राहिला की झालं. उडी कोळी रात्री झोपलेला असतो आणि लालात अंतर चुकतो, त्याच्यावर हा टॉर्च वापरून काही निष्कर्ष काढू नका. काही फुलपाखरांना लाल दिसतो, तेही सोडा.

मे-जूनमध्ये भंडारदरा किंवा पुरुषवाडीला काजवे बघायला जाणाऱ्यांनी मात्र लालसुद्धा पायाखालीच ठेवावा, झाडावर नको. नर उडत लुकलुकतो, मादी बसल्या जागेवरून ठरावीक अंतराने उत्तर देते. मध्ये दुसरा उजेड पडला की ती उत्तर देणं थांबवते, आणि पुन्हा सुरू व्हायला बराच वेळ जातो. मोबाइलचा पडदाही पुरतो तेवढ्याला, तो खिशात.